सुती पागाला ऐनाच्या सालीचा काढा : प्रमाण आणि वेळ

खाडीकाठ
सुती दोऱ्याचा पाग (हाताने फेकायचं जाळं) आहे, शिशाच्या गोळ्या सोडून कोरडं वजन साधारण 2 किलो. ऐनाची वाळलेली साल घेऊन लोखंडी कढईत तासभर उकळली आणि पाग त्यात बुडवला. रंग वरवरच बसला. खाऱ्या पाण्यात चार-पाचदा टाकल्यावर फिकट झाला आणि गाठींपाशी काळे ठिपके आले. काय चुकलं? सालीऐवजी कात चालेल का?

शीडदोर
चूक कढईची, आणि त्याआधी दोऱ्याची. कोऱ्या सुतावर मेण आणि खळ असते, तिच्यातून टॅनिन (सालीतलं तुरट द्रव्य, जे सूत टिकवतं) आत शिरत नाही. 20 लिटर पाण्यात 100 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून पाग तासभर उकळा, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून धुवा. आधीचा रंग थोडा जाईल, जाऊ द्या.

काढ्यासाठी तांब्याचं किंवा स्टीलचं भांडं घ्या. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की शाईसारखा काळा रंग तयार होतो आणि त्या जागी सूत हळूहळू ठिसूळ होतं. काळ्या ठिपक्यावर लिंबाचा रस चोळून पाहा. फिका पडला तर लोखंडाचा डाग, तसाच राहिला आणि कुबट वास आला तर बुरशी. तपासल्यावर रस धुऊन टाका.

2 किलो पागाला 4 किलो साल घ्या, कुटून. पावसात भिजलेली साल नको, तिचं टॅनिन वाहून गेलेलं असतं. रात्रभर 25 लिटर पाण्यात भिजवा आणि सकाळी दोन तास मंद उकळा. कापडातून गाळा, कारण सालीचे कण गाठींत अडकतात. गरम काढ्यात ओला करून निथळलेला पाग सोडा आणि रात्रभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिळू नका. सावलीत पूर्ण वाळू द्या. हे वाळणं टाळलं तर पुढचा हात बसत नाही. असे तीन हात द्या, प्रत्येक वेळी काढ्यात किलोभर ताजी साल उकळून.

काढा संपला का हे कळायला चमच्यात थोडा घेऊन हिराकशीचा (लोहाच्या क्षाराचा) खडा टाका. गडद काळा झाला तर दम आहे, करडा झाला तर टाकून द्या. हा नमुना परत भांड्यात ओतू नका.

खैरवाट
पानाचा कात घेऊ नका. खैराच्या गाभ्याचा काढा आटवून थंड केला की कॅटेचिन खाली बसतं, तोच पानाचा कात. तो गार पाण्यात जेमतेम विरघळतो. जाळ्यांच्या उपयोगाचा भाग उरलेल्या पाण्यात असतो. ते आटवून काळपट कच होतो, त्यात टॅनिन भरपूर. ब्रिटनमधले कोळी शिडांना आणि जाळ्यांना तोच लावत, ब्रह्मदेशातून आणवून. कच मिळाला तर 20 लिटर पाण्याला 400 ग्रॅम पुरतो.

खाडीकाठ
तीन हात दिले तरी समुद्रात रंग सुटणारच ना? मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) लावतात असं ऐकलंय.

शीडदोर
सुटतो. म्हणूनच सुती जाळी पुन्हापुन्हा काढ्यात घालावी लागत. रोज वापर असेल तर दर तीन-चार आठवड्यांनी एक हात द्या.

मोरचूद टॅनिनला धरून ठेवते आणि सूत खाणाऱ्या जिवाणूंनाही मारते. शेवटचा हात वाळल्यावर लिटरला 10 ग्रॅम या प्रमाणात, प्लास्टिकच्या टबात, 15 मिनिटं. लोखंडी बादलीत तांबं बादलीलाच चिकटतं. नंतर गोड्या पाण्यात दोनदा धुवा. हातमोजे घाला आणि हे पाणी खाडीत ओतू नका, तांबं माशांना विषारी आहे. काही जण अमोनिया घालतात, पण तीव्र द्रावणात तांबं-अमोनिया कापूसच विरघळवतो, म्हणून मापाचा अंदाज नसेल तर साधी मोरचूदच बरी.

खैरवाट
गोळ्या सगळ्यात शेवटी ओवा. काढ्यात आणि मोरचुदीत शिसं जाऊ नये. आणि पुढची साल उभ्या ऐनावरून काढू नका, गोल सोललं की झाड वाळतं. लाकडाच्या वखारीत तोडलेल्या ओंडक्यांची साल पडलेली असते, ती घ्या.