विषय: केजच्या वसतिगृहाला वीस टॅब

प्रेषक: सेवा समिती
सोमवार, रात्री ९.१०

मंडळी, नमस्कार.

इथल्या आपल्या मराठी मंडळाची गणपतीची वर्गणी यंदा बरी जमली, हाताशी शिल्लक आहे. केज तालुक्यातल्या, ऊसतोड मजुरांच्या लेकरांच्या आपल्या वसतिगृहाला वीस टॅब घेऊन द्यावेत आणि हजेरी-हिशेबाचं एक ॲपही करून द्यावं, असं समितीत ठरत आलंय. ॲप लिहायला आपली पोरं तयार आहेत (त्यांना कॉलेजच्या अर्जात समाजसेवा दाखवता येईल, खोटं कशाला बोलू). पैसे लगेच पोचावेत म्हणून संस्थेच्या सचिवांच्या यूपीआयवर टाकू. डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांनी माणशी एक जुना लॅपटॉप न्यावा, एकावर कस्टम लागत नाही.

हरकत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.

प्रेषक: खजिनदार
सोमवार, रात्री ११.४२

दादा, हरकत आहे, आणि शुक्रवारपर्यंत थांबायचीही गरज नाही.

आपल्यात ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. पण ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं, त्यांच्या खिशात ओसीआय (मूळच्या भारतीयांना मिळणारं) कार्ड असलं तरी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यापुढे ते परदेशीच. मंडळ तर इथंच नोंदलेलं, म्हणजे मंडळाचा चेक सरळसरळ परदेशी पैसा. तो नियमित घ्यायचा तर संस्थेची एफसीआरए नोंदणी हवी, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी असावी लागते आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेले दाखवावे लागतात. केजची संस्था एवढी मोठी नाही. नोंदणीवाल्या मोठ्या संस्थेला देऊन तिच्यामार्फत पुढे पाठवायची वाटही त्याच दुरुस्तीनं बंद केली. सचिवांच्या यूपीआयचं तर नावच काढू नका, त्या भल्या माणसाला नोटीस येईल.

लॅपटॉपचंही तेच. वस्तूही या कायद्यात येतात. एखाद्याला स्वतःच्या वापरासाठी दिलेली लाखभरापर्यंतची भेट वेगळी, संस्थेला दिलेलं यंत्र वेगळं. मागचे सहा लॅपटॉप कुणाकुणाच्या पासपोर्टावर गेले, हे मी विचारत नाहीये.

प्रेषक: अंबाजोगाईहून, वसतिगृहाचा हिशेब बघणारी
बुधवार, सकाळी ६.२०

सर्वांना नमस्कार. मला या यादीत कुणी घेतलं ते आठवत नाही, पण तुमच्या दिवाळी पहाटेपासून हळदीकुंकवापर्यंत सगळे मेल मला येतात. आज पहिल्यांदाच लिहिते.

आधी लॅपटॉपचं सांगते. सहापैकी दोन चालतात. दुसऱ्या दोनांच्या बॅटऱ्या फुगल्या, इकडं मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एक चालू केला की कुठल्याशा कंपनीचं चिन्ह येतं आणि तो साहेबांचा पासवर्ड मागतो. ज्या दादांनी दिला त्यांनी ती नोकरीच सोडली म्हणे. एकाची पिन आपल्या बोर्डात बसत नाही. आमच्या सरांनी जोडपिन लावली, ती ढिली, ठिणग्या उडायल्यात म्हणून मी तो कपाटात ठेवून दिला.

तेव्हाचं ॲप छान होतं. पण आत जायचं तर ओटीपी जुन्या अधीक्षकांच्या मोबाइलवर जायचा आणि ते गेले संभाजीनगरला दुसऱ्या नोकरीवर. रोज संध्याकाळी मी त्यांना फोन करायची, सर ओटीपी सांगा. चार महिने त्यांनी बिचाऱ्यांनी सांगितला. मग ॲपच उघडेना. ज्या पोरानं बनवलं होतं त्याचं शिक्षण संपलं होतं आणि सर्व्हरचं भाडं कुणी भरायचं हे ठरलंच नव्हतं.

राग म्हणून नाही लिहीत. आमच्याकडं सध्या काय चालतं ते कळावं म्हणून लिहिते.

दसरा झाला की टोळ्या हलतात. सांगली, कोल्हापूर, काही बेळगावकडं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, कोयता न्यावाच लागतो. लेकरं आमच्याकडं राहतात ती आई-बाप पाडव्याच्या आगंमागं परत येईपर्यंत. या पाच-सहा महिन्यांत खरी अडचण हजेरीची नाही, ती पाटीवरसुद्धा मांडता येते. अडचण नंबरांची आहे. लेकराला ताप आला तर कुणाला फोन लावायचा? बापाचं रिचार्ज संपलेलं असतं, किंवा तिकडं गेल्यावर नवं सिम घेतलेलं असतं. म्हणून माझ्या वहीत एका लेकरामागं तीन नंबर असतात: बापाचा, टोळीच्या मुकादमाचा आणि गावात मागं राहिलेल्या एखाद्या म्हातारीच्या शेजाऱ्याचा. मुकादमाचा नंबर सहसा लागतो, त्याला उचल वसूल करायची असते.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टचा सल्ला मागं कुणीतरी दिला होता. त्यात २५६ नंबर बसतात, पण ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो. ज्या माणसाचं सिमच दर मोसमाला बदलतं तो काय सेव्ह करणार? त्यापेक्षा आवाजाचा निरोप बरा. रविवारी संध्याकाळी लेकरं एकेक करून माझ्या फोनमध्ये बोलतात, मी मुकादमाला पाठवते, तो फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाऊन ऐकवतो. परवा एका आईचा उलटा निरोप आला. मागं ट्रॅक्टर धडधडतोय आणि ती विचारते, केसात उवा झाल्या का गं, अक्काला सांग रॉकेल लावू नको. पोरीनं तो नऊ वेळा ऐकला, मग माझ्या फोनची बॅटरीच संपली.

या सगळ्याला नवीन पैसा लागला नाही. लागते ती माझ्या फोनमध्ये जागा, आणि ती दर आठवड्याला सुप्रभातच्या फुलांनी भरते. त्यात निम्मी फुलं याच यादीतल्या लोकांची असतात.

तर टॅब नकोत. दोनच गोष्टी मागते. इन्व्हर्टरची बॅटरी मेली आहे, लोडशेडिंगला लेकरं आठ वाजताच झोपतात आणि परीक्षा डिसेंबरात आहेत. दुसरी, जुने दाखले. २०११ ते २०१८ची सगळी नोंद एका कॉम्प्युटरवर कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाईप केलेली आहे. तो कॉम्प्युटर गेला. फायली पेन ड्राइव्हवर आहेत, पण उघडल्या की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. मोठी झालेली लेकरं जातीच्या दाखल्यासाठी, शाळेच्या पुराव्यासाठी येतात आणि मी ओल लागलेले छापील कागद चाळत बसते.

प्रेषक: सेवा समिती
बुधवार, सकाळी ८.०५

अक्का, तुमचा मेल दोनदा वाचला. सुप्रभात आजपासून बंद.

> तर टॅब नकोत.

मान्य. पण एक शंका. नोंद आता वहीत ठेवता, वही हरवली तर? गूगल शीट का नाही? मोबाइलवर ऑफलाइनही चालते.

प्रेषक: अंबाजोगाईहून, वसतिगृहाचा हिशेब बघणारी
बुधवार, दुपारी ३.३०

शीट आहे दादा. पण माझ्या घरच्या जीमेलवर आहे. उद्या मी नसले की पुन्हा ओटीपीचीच गत.

प्रेषक: खजिनदार
बुधवार, रात्री १०.१५

अक्कांनी मुळावरच बोट ठेवलं. खातं माणसाचं असलं की माणसाबरोबर जातं. गूगलची नोंदणीकृत संस्थांसाठी योजना भारतातही आहे, वर्कस्पेस (संस्थेचं मेल, शीट वगैरे) फुकट मिळतं. अर्ज संस्थेनंच करायचा आणि नोंदणीचे कागद तपासले जातात. संस्थेच्या नावाचं डोमेन तेवढं विकत घ्यावं लागेल, वर्षाला साधारण हजाराच्या आसपास. मग माणसांच्या नव्हे, ‘hisheb’ आणि ‘adhikshak’ अशा पदांच्या नावांची खाती काढायची. माणूस बदलला की पासवर्ड बदलायचा, खातं तिथंच. दुसऱ्या पायरीची खातरजमा, म्हणजे ओटीपी, कुणाच्या खाजगी नंबरावर नको. वसतिगृहाचं एक सिम घ्या, तो साधा फोन कार्यालयाच्या कपाटात ठेवा आणि त्याचं रिचार्ज खर्चात धरा.

गावोगाव फिरून लेकरांची माहिती भरायची वेळ आली तर कोबोटूलबॉक्स हे माहिती भरायचं ॲप बघा. ते फुकट आहे, रेंज नसताना भरता येतं, रेंजमध्ये आलं की वर चढतं. पण साठ-सत्तर लेकरांसाठी तेही जास्तच.

पैशाचं: बॅटरीसाठी भारतीय पासपोर्टवाले आम्ही पाचजण आपापल्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून थेट संस्थेच्या खात्यात टाकतो. पावती ज्याच्या त्याच्या नावानं. मंडळ यात कुठेही नाही. बाकीच्यांनी हळहळू नका, कायदा पैसा, वस्तू आणि रोख्यांबद्दल बोलतो, तुमच्या रविवारच्या दोन तासांबद्दल नाही. कृतिदेव आहेच.

प्रेषक: निवृत्त काका, मूळचा परळीचा
गुरुवार, सकाळी ७.००

कृतिदेव मी घेतो. पंचवीस वर्षं छपाईत काढली आहेत, ही जखम माझ्या ओळखीची.

फुकट बदलून देणाऱ्या वेबसाइटी पुष्कळ आहेत, पण लेकरांची यादी अनोळखी साइटवर चढवू नये. भारताच्या २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे, आणि कायदा नसता तरी चढवू नये. माझ्याच कॉम्प्युटरवर चालेल असा छोटा प्रोग्राम नातू लिहून देतोय. अक्का, फायली फक्त आम्हा दोघांना पाठवा, पत्ते आणि फोनचे रकाने काढून.

प्रेषक: निवृत्त काका, मूळचा परळीचा
पुढचा मंगळवार, रात्री ९.५०

२०११ आणि २०१२ झाले. गंमत बघा, कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार नंतर. नातवाच्या पहिल्या प्रोग्राममधून सगळे शिवाजी वेलांटीवर डोकं आपटून बाहेर आले आणि सगळ्या पार्वती ‘पावर्ती’ झाल्या. आता बहुतेक सरळ आहेत, उरलेल्या मी हातानं करतो. नातवाला रफार म्हणजे काय ते समजावण्यात शनिवार गेला. त्याच्या मराठी शाळेच्या दोन वर्षांत जे झालं नाही ते झालं.

एक अडलंय. २०१२मध्ये दोन पार्वती आहेत. गाव एक, वडिलांचं नाव एक, आडनाव एक. प्रोग्राम म्हणतो एकच मुलगी दोनदा लिहिली आहे, एक ओळ पुसू का?

प्रेषक: अंबाजोगाईहून, वसतिगृहाचा हिशेब बघणारी
बुधवार, सकाळी ६.०५

काका, पुसू नका. दोघी वेगळ्या आहेत, चुलत्यांच्या पोरी. दोन्ही बापांना गावात एकाच नावानं हाक मारायचे, तेच मास्तरांनी लिहिलं. एकीच्या डाव्या भुवईवर व्रण आहे, ते तुमच्या यंत्राला दिसायचं नाही.

बॅटरी काल बसली. आणि लेकरांची नावं यादीवर नका लिहू, मला फोन करत जा. आमच्या सातनंतर.