छोट्या विमानातून हिमनद्यांचे फोटो : लेन्स, पोलरायझर आणि बसायची जागा, सल्ला हवा

आर्द्रा
नमस्कार. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अलास्कातील टॉकीटना येथून डेनाली शिखराच्या भोवतालच्या हिमनद्यांवरून छोट्या विमानाने फेरी मारण्याचे ठरले आहे. विमान एका इंजिनाचे आणि वर पंख असलेले आहे. खिडक्या उघडत नाहीत आणि फेरी साधारण सव्वा तासाची आहे. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा, २४-१०५ मिमीची झूम लेन्स आणि ८५ मिमीची एक जुनी स्थिर लेन्स आहे. नवीन काहीही विकत घ्यायचे नाही हे आधीच स्पष्ट करते. फार तर एखादी लेन्स भाड्याने घेता येईल. मांडीवर मावेल एवढेच सामान सोबत नेता येते. मला शिखरांपेक्षा बर्फावरच्या भेगा, वळणारे पट्टे आणि हिमोढांच्या, म्हणजे हिमनदीने वाहून आणलेल्या दगडगोट्यांच्या, काळ्या रेषा टिपायच्या आहेत. लेन्स कोणती न्यावी, पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावावा का, शटरचा वेग किती ठेवावा आणि कोणती जागा मागावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

तिसरा डोळा
अशी संधी पुन्हा येत नाही, त्यामुळे खर्चाचा विचार बाजूला ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. मी गेल्या वर्षी ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि १००-४०० लेन्स घेतली आणि आइसलंडमधील व्हात्नायोकुल या हिमनदीवरून उडताना दोन्हींचे सार्थक झाले. एका फोटोत एकेक भेग मोजता येते. २४ मेगापिक्सेलमध्ये मोठा प्रिंट काढायला गेलात की पश्चात्ताप होईल. जुना कॅमेरा विकून टाका, खिशाला फरक फार पडणार नाही.

पंखपसारा
माझ्याकडे खाजगी वैमानिकाचा परवाना आहे, म्हणून आधी जागेबद्दल लिहितो. पंख वर असले म्हणजे खालचे सगळे मोकळे दिसते असा समज असतो, पण पंखाला आधार देणारी तिरपी दांडी आणि चाक ही दोन्ही नेमकी पुढच्या खिडकीसमोर येतात. वैमानिकाशेजारची जागा मिळाली तर दांडीच्या पुढच्या बाजूने टिपावे आणि मागची मिळाली तर दांडीच्या मागून. कोण कुठे बसणार हे मात्र वैमानिक वजनाच्या हिशेबाने ठरवतो, त्यामुळे विनंती आरक्षण करतानाच करावी. आयत्या वेळी विमानाजवळ उभे राहून वाद घालू नये.

दुसरे म्हणजे खिडकी. ती काचेची नसून अ‍ॅक्रिलिकची असते आणि कोरड्या रुमालाने एकदा पुसली तरी तिच्यावर बारीक चरे उमटतात, जे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. स्वतः पुसू नका. निघण्यापूर्वी तुमच्या बाजूची खिडकी धुऊन देण्याची विनंती करा. मी स्वतः एकदा शर्टाच्या बाहीने पुसली होती आणि विमानाच्या मालकाने मला जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

जुनाजाणता
हल्लीच्या लोकांना मेगापिक्सेलशिवाय काही सुचत नाही. याच डेनालीचे सर्वोत्तम हवाई फोटो गिर्यारोहक आणि छायाचित्रकार ब्रॅडफर्ड वॉशबर्न यांनी १९३० च्या दशकापासून काढले, तेही वीस किलोहून जड कॅमेरा घेऊन, विमानाचे दार काढून आणि स्वतःला दोराने बांधून. त्या फोटोंचा अभ्यास करूनच त्यांनी डेनालीवर चढण्याची वेस्ट बट्रेसची वाट हेरली आणि १९५१ मध्ये त्याच वाटेने ते शिखरावर पोचले. फोटो उघड्या दारातूनच काढावा. बर्फावर पोलरायझर हवाच हवा, त्याशिवाय आकाश फिकट येते.

पंखपसारा
जुनाजाणता, धागाकर्तीने खिडक्या उघडत नाहीत असे पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. प्रवाशांच्या फेरीत दार काढण्याचा प्रश्नच येत नाही.

उगाचच
पोलरायझरबद्दल माझा अनुभव अगदी उलट आहे. अ‍ॅक्रिलिकमध्ये घडणीच्या वेळचा ताण राहिलेला असतो आणि पोलरायझर लावला की तो ताण इंद्रधनुष्यी पट्ट्यांच्या रूपात दिसू लागतो. माझ्या संपूर्ण फेरीतील एकाही फोटोत बर्फ पांढरा नाही. हिरवे-जांभळे डाग आहेत, जणू बर्फावर कोणी रॉकेल सांडले आहे. शिवाय एक ते दोन स्टॉप उजेड जातो तो वेगळाच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). खिडकीतून पोलरायझर नको म्हणजे नको.

जुनाजाणता
मी पस्तीस वर्षे पोलरायझर वापरतो आहे.

उगाचच
उघड्या दारातून वापरत असाल.

शून्यप्रहर
शटरच्या वेगाचा प्रश्न मागे पडला, म्हणून हिशेब मांडतो. विमान १०० नॉटने (ताशी सागरी मैल) जात असेल तर ते सेकंदाला सुमारे ५१ मीटर पुढे सरकते. १/२५० सेकंदात ते २० सेंटिमीटर आणि १/१००० सेकंदात ५ सेंटिमीटर सरकते. तुमच्या कॅमेऱ्यावर १०५ मिमीला, एक किलोमीटर अंतरावरच्या बर्फाचा साधारण ६ सेंटिमीटरचा तुकडा एका पिक्सेलमध्ये मावतो. म्हणजे १/२५० ला तीन पिक्सेलहून अधिक पुसट होईल आणि १/१००० ला ते एका पिक्सेलच्या आत राहील. ४०० मिमीला तोच तुकडा दीड सेंटिमीटरचा होतो, त्यामुळे तिथे १/४००० च्या खाली येऊन चालणार नाही. १००-४०० सुचवणाऱ्यांनी ही बाब सांगितलेली नाही.

अर्थात हा हिशेब केवळ विमानाच्या गतीचा आहे. खरा शत्रू इंजिनाची थरथर असते. लेन्स खिडकीला टेकवू नये, कोपर दारावर ठेवू नये आणि पाठही शक्यतो मोकळी ठेवावी, कारण आपले शरीर हाच तेवढा धक्का शोषणारा भाग आहे. इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवून यांत्रिक शटर वापरावे, नाहीतर थरथरीमुळे सरळ रेषा नागमोडी येतात. उजेडाची चिंता नको. उन्हातल्या बर्फावर एफ ८ (लेन्सचे छिद्र), आयएसओ २०० (उजेडाची संवेदनशीलता) आणि १/१६०० एवढे सहज मिळते.

तिसरा डोळा
नव्या कॅमेऱ्यांत आयएसओ ३२०० सुद्धा स्वच्छ येतो, त्यामुळे १/४००० ही काही अडचण नाही. म्हणूनच नवीन कॅमेरा घ्या म्हणालो.

आर्द्रा
सर्वांचे आभार. तिसरा डोळा, कॅमेरा विकत घ्यायचा नाही, हे पुन्हा नम्रपणे सांगते. पोलरायझर न नेण्याचे जवळजवळ ठरले आहे. फोकस आणि एक्सपोजरबद्दल कोणी लिहील का?

खडकमाळ
मी भूशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि फोटो हे माझे काम नाही, गरज होती. हिमनदीवर कॅमेरा दोन ठिकाणी फसतो. पांढऱ्या बर्फाला तो करड्या रंगाचा समजतो, म्हणून एक ते दीड स्टॉप जास्त उजेड द्यावा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) टिपावे आणि हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) उजवी कड कापली जात नाही ना हे पाहत राहावे. सावलीतला बर्फ निळा येतो. तो खरोखरच निळ्या आकाशाच्या उजेडात असतो, त्यामुळे ते दुरुस्त करण्याच्या फार मागे लागू नये.

फोकस नुसत्या बर्फावर बसत नाही, आणि खिडकीवरच्या चऱ्यांवर मात्र चटकन बसतो. दोन हिमनद्या एकत्र आल्या की त्यांच्या कडेचे दगडगोटे मिळून मधोमध काळा पट्टा तयार होतो, तो मध्यहिमोढ. उडाल्यावर अशा पट्ट्याच्या कडेवर एकदा फोकस साधावा, स्वयंचलित फोकस बंद करावा आणि रिंगवर चिकटपट्टी लावावी. रिंग शेवटपर्यंत फिरवून ठेवू नये, कारण बऱ्याच लेन्स अनंत अंतराच्या खुणेपलीकडे जातात.

ऑगस्ट ही निवड उत्तम आहे. जूनमध्ये नव्या बर्फाखाली भेगा झाकलेल्या असतात. ऑगस्टपर्यंत खालच्या भागातले बर्फ उघडे पडते. कहिल्टना ही सुमारे ७० किलोमीटर लांबीची हिमनदी आहे आणि तिच्या खालच्या टप्प्यात हिमोढांचे पट्टे रुळांसारखे शेजारीशेजारी धावतात. फेरी संध्याकाळची घ्यावी. उन्ह तिरपे असले तरच भेगांना खोली येते. भर दुपारी सगळे सपाट पिठासारखे दिसते.

आणखी एक विनंती. कॅमेऱ्याचे घड्याळ बिनचूक लावा आणि मोबाइलवर मार्गाची नोंद चालू ठेवा. हिमनद्यांचे अभ्यासक ऑस्टिन पोस्ट यांनी १९६० च्या दशकापासून विमानातून काढलेल्या फोटोंशी आजच्या हिमनद्यांची तुलना होऊ शकते, कारण कोणता फोटो कुठला आणि केव्हाचा हे माहीत आहे.

उगाचच
खडकमाळ यांच्याशी सहमत. लेन्स खिडकीला टेकवू नये, हेही महत्त्वाचे आहे.

शून्यप्रहर
ते मी लिहिले आहे.

पंखपसारा
कपडे गडद घाला. पांढरा शर्ट घातला तर खिडकीतल्या प्रतिबिंबामुळे सगळ्या फोटोंत तोच दिसेल. खिडकीच्या शक्य तितक्या काटकोनात टिपा. तिरप्या कोनातून अ‍ॅक्रिलिकची जाडी वाढते आणि लांब लेन्सने तो दोष आणखी मोठा होतो. मी असतो तर २४-१०५ नेली असती आणि भाड्याचे काहीच घेतले नसते.

खडकमाळ
मी ७०-२०० भाड्याने घेतली असती. पट्ट्यांचे नमुने शंभरच्या पुढेच सापडतात.

आर्द्रा
निर्णय कळवते. भाड्याने काही घेत नाही आणि २४-१०५ सुद्धा नेत नाही. ८५ ची जुनी लेन्स नेणार आहे. झूम हातात असली की मी सव्वा तास झूमच फिरवत बसेन, हा माझा स्वभाव मला ठाऊक आहे. फिरवायला काही नसले तर चिकटपट्टी एकदाच लावायची आणि बाहेर पाहायचे. फेरी सकाळची घेतली आहे. संध्याकाळच्या उन्हाबद्दलचे म्हणणे पटले, परंतु त्या काळात दुपारनंतर शिखरांभोवती ढग साचतात आणि फेऱ्या रद्द होतात, असे तिथून कळवले आहे.

जुनाजाणता
ठरलेलेच होते तर विचारले कशाला?

आर्द्रा
परत आले. तीनशेच्या आसपास फोटो काढले. तीक्ष्णतेची तक्रार नाही. १/२००० ठेवला होता आणि खिडकी त्यांनी स्वतः धुऊन दिली. जाकीट काळे होते, हातमोजे काळे होते, पण मार्गाचा पांढरा नकाशा मी मांडीवर उलगडून ठेवला होता आणि पहिल्या वीस मिनिटांच्या प्रत्येक फोटोत त्याची घडी बर्फावर फिकट चौकोनासारखी उमटली आहे. कहिल्टनाच्या खालच्या टप्प्यातील सहा-सात फोटो मनासारखे आले. रूथ हिमनदीच्या घळीत दोन्ही बाजूंना बर्फापासून दीड किलोमीटर उंच ग्रॅनाइटच्या भिंती होत्या आणि ८५ मध्ये त्यातली एकही मावेना, तेव्हा कॅमेरा खाली ठेवला.

तिसरा डोळा
म्हणूनच मी १००-४०० सुचवली होती.