पाळणाघर पुन्हा उघडतंय, अडीच वर्षांच्या मुलीला पाठवावं का? (मदत हवी आहे)

मधलीसुट्टी:

कोरोनामुळे मार्च २०२० पासून बंद असलेलं मुलीचं पाळणाघर येत्या सोमवारी उघडतंय. शुक्रवारपर्यंत जागा ठेवायची की सोडायची ते कळवायचंय. एकदा सोडली की पुन्हा प्रतीक्षायादीत शेवटून सुरुवात.

परिस्थिती अशी. नवरा आणि मी दोघंही घरून काम करतो. एक मीटिंगमध्ये असेल तर दुसरा लेकीमागे, आणि दोघांचंही राहिलेलं काम ती झोपल्यावर. सासूबाई आमच्याकडेच असतात. वय ६८, मधुमेह आहे. त्या म्हणतात, "मी बघते की तिला," पण ही मुलगी पाच मिनिटं एका जागी बसत नाही आणि त्यांचे गुडघे आता बोलतात. जानेवारीपासून नवऱ्याला ऑफिसला जावं लागेल, तेव्हा हे गणित असंही कोलमडणार आहे.

पाळणाघराने मोठी नियमावली पाठवलीय. मुलांचे छोटे कायमचे गट, प्रत्येक गटाच्या ताई ठरलेल्या. पालकांना आत प्रवेश नाही, मूल दारातच ताईंच्या हाती द्यायचं. दारात ताप मोजणार. ३८ अंश सेल्सिअस (म्हणजे १००.४ फॅरेनहाइट) किंवा जास्त असेल तर मूल घरी, आणि तापाचं औषध न देता २४ तास ताप आला नाही तरच परत घेणार. गटात कोणी पॉझिटिव्ह निघालं तर अख्खा गट १४ दिवस घरी. मऊ खेळणी बंद, घरून काहीही आणायचं नाही. (आमच्याकडे एक कापडी ससा आहे. त्याच्याशिवाय दुपारची झोप होत नाही. जाऊ दे.) ताईंना पूर्ण वेळ मास्क, मुलांना "शक्य असल्यास".

वाचताना बरं वाटतं, पण यातलं नक्की काय महत्त्वाचं आणि काय नुसतं दाखवायला, हे मला ठरवता येत नाहीये. मास्कचंच घ्या. यंदा २०२० मध्ये एकीकडे दोन वर्षांवरच्या मुलांना मास्क लावा म्हटलं गेलं, दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने सांगितलं की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर सक्ती नको. माझी मुलगी नेमकी मधे अडकलीय. तुमच्यापैकी कोणी पाठवताय का? पाळणाघराला काय विचारलंत? आणि घरात वयस्कर माणूस असताना कसं ठरवलंत?

निळावंती:

आम्ही उन्हाळ्यापासून पाठवतोय. मुलगा तीन वर्षांचा. आजाराची भीती होती तेवढा त्रास झाला नाही, दारातल्या ताटातुटीचा मात्र झाला. पूर्वी आत जाऊन दहा मिनिटं बसता यायचं. आता मास्क लावलेली बाई येते, हात धरते आणि घेऊन जाते. इतके महिने घरी राहिलेल्या मुलाला ते जड जातं. पहिले काही दिवस फक्त दोन तास ठेवता येईल का, ते नक्की विचारा. ताईंचा मास्क नसलेला फोटो मागून घ्या आणि घरी रोज दाखवा. आम्हाला त्याचा खूप उपयोग झाला.

दुसरं म्हणजे सर्दी. या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या एरवीही होतात, आणि आता प्रत्येक सर्दीला घरी बसावं लागतं. म्हणजे जागा घेतली तरी मूल बऱ्याचदा घरीच असणार आहे. कामाचं गणित तसंच मांडा.

स्पष्टवक्ता_१:

इतकी भीती वाटते तर एकाने नोकरी सोडावी. मुलांसाठी एवढं करायलाच हवं.

मधलीसुट्टी:

@स्पष्टवक्ता_१ सल्ला पोचला. घराचा हप्ता तुमच्या पत्त्यावर पाठवते.

@निळावंती फोटोची कल्पना आवडली! सर्दीचं खरंच डोक्यात आलं नव्हतं.

रिकामा_पाट:

मी पाळणाघरात काम करते (तुमच्या नाही), म्हणून आतली बाजू सांगते.

दारातल्या तापमापकावर फार भरवसा ठेवू नका. लक्षणं नसलेल्या मुलाला तो अडवत नाही. शिवाय सकाळी ताप उतरवायचं औषध पाजून आणलेलं मूल दारातून सहज आत येतं आणि जेवणाच्या वेळेला फणफणतं. असे पालक असतात, आणि मी त्यांना दोषही देत नाही, त्यांनाही कामावर जायचंच असतं. खेळणी पुसणं चांगलं, पण सगळा जीव त्यात घालून खिडक्या बंद ठेवणाऱ्या जागा मी पाहिल्यात. हवा खेळती आहे का आणि मुलं दिवसातला किती वेळ बाहेर मोकळ्यावर असतात, ते आधी विचारा.

गटांबद्दल खोदून विचारा. कागदावर सगळीकडे "कायमचे गट" असतात. पण सकाळी लवकर येणारी आणि संध्याकाळी उशिरा जाणारी मुलं कुठे बसतात? आमच्याकडे सुरुवातीला ती सगळी एकाच खोलीत जमायची. दिवसभर वेगळे ठेवलेले गट शेवटच्या तासात एकत्र! ताई रजेवर असेल तर तिच्या जागी कोण येतं? दुसऱ्या गटातली ताई येत असेल तर दोन गट जोडले गेलेच.

आणि जो प्रश्न कोणीच विचारत नाही तो असा: ताईच्या घरी कोणी आजारी पडलं तर तिला पगारी रजा मिळते का? मिळत नसेल तर ती अंगावर काढून कामावर येणार. आम्हीही माणसंच आहोत, पगार कापला की महिना निघत नाही. याचं उत्तर देताना संचालिका अडखळल्या तर समजून जा.

मास्कचं म्हणाल तर अडीच वर्षांचं मूल तो दिवसभर लावून ठेवत नाही, चघळतं किंवा शेजाऱ्याला देतं. झोपताना तर लावूच नये. ताईंचे मास्क महत्त्वाचे.

अक्षांश:

रिकामा_पाट यांच्या ताईंच्या घरच्या आजारपणाच्या मुद्द्याला पुरावा आहे. अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक परगण्यात एप्रिल ते जुलै २०२० मध्ये तीन बालसंगोपन केंद्रांत संसर्ग पसरला, त्याचा माग सरकारी आरोग्य खात्याने काढला. तीनपैकी दोन ठिकाणी सुरुवात अशा कर्मचाऱ्यांपासून झाली, ज्यांच्या घरात आधीच कोणी आजारी होतं. १२ मुलांना केंद्रात लागण झाली. मुलांना त्रास किरकोळ झाला किंवा झालाच नाही, पण केंद्राबाहेरच्या त्यांच्या ४६ संपर्कांपैकी किमान १२ जणांना पुढे लागण झाली. त्यांत एका मुलाची आई होती, तिला रुग्णालयात दाखल करावं लागलं.

उलट बाजूही बघा. अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंड राज्याने १ जून २०२० पासून केंद्रं उघडली ती कडक नियमांनी: सुरुवातीला कर्मचारी धरून १२ जणांचे ठरलेले गट, मोठ्यांना मास्क, रोज लक्षणांची तपासणी. जुलैअखेरपर्यंत ६६६ केंद्रांपैकी २९ ठिकाणी रुग्ण आढळले आणि फक्त चार ठिकाणी आतल्या आत पसरल्याची शक्यता दिसली. पण त्या वेळी बाहेरचा प्रादुर्भावही कमी होता, हे विसरू नका. डेन्मार्कने तर १५ एप्रिललाच बालवाड्या उघडल्या, तेही छोटे गट आणि जास्तीत जास्त वेळ बाहेर ठेवून.

येल विद्यापीठाचा ५७ हजारांवर बालसंगोपन कर्मचाऱ्यांचा अभ्यास हल्ली सगळे एकमेकांना पाठवतायत. महामारीच्या पहिल्या तीन महिन्यांत केंद्र चालू ठेवणाऱ्यांना जास्त लागण झाली नाही, असं त्यात दिसलं. दिलासादायक आहे, पण तो अभ्यास कर्मचाऱ्यांचा आहे, घरातल्या आजीचा नाही. तुमच्या बाबतीत मुलीपेक्षा सासूबाईंचा विचार आधी करायला हवा, आणि तुमच्या भागातले रोजचे आकडे चढतायत की उतरतायत ते नियमावलीइतकंच महत्त्वाचं.

निळावंती:

+१. आमच्याकडे आजी-आजोबा वेगळे राहतात, म्हणून आम्हाला सोपं गेलं. तेव्हा माझं उदाहरण जसंच्या तसं घेऊ नका.

मधलीसुट्टी:

आज संचालिकांशी सविस्तर बोलले. तुमचे प्रश्न लिहूनच बसले होते.

संध्याकाळच्या मुलांबद्दल थोडं थांबून खरं सांगितलं: साडेपाचनंतर दोन गट एकत्र होतात. आम्ही पाच वाजता आणणार म्हटल्यावर तो प्रश्न सुटतो. ताईंना पगारी आजाररजा आहे आणि घरात कोणाला ताप असेल तरी येऊ नका असं सांगितलंय. बदली ताईचं उत्तर गुळमुळीत होतं. खिडक्या उघड्या ठेवतात, सकाळ अंगणात जाते. गट बंद राहिला तर त्या दिवसांची फी अर्धी, हे मात्र कागदावर कुठेच नव्हतं, मी ईमेलवर लिहून मागितलं.

मग घरी बसून बोललो. सासूबाईंनीच तोडगा काढला. नणंदेकडे खोली रिकामी आहे, तिच्याकडे लहान मूल नाही आणि ती घरूनच काम करते. पहिले दोन महिने त्या तिकडे राहतील, आम्ही अंगणात लांबून भेटू. मला अपराधी वाटत होतं, तर म्हणाल्या, "मला तरी जरा शांत झोप मिळेल."

तर जागा ठेवतोय. पहिला आठवडा रोज दोन तास, मग अर्धा दिवस. आमच्या भागातले रुग्ण सलग दोन आठवडे वाढत गेले तर परत घरी, हे आम्ही दोघांनी आत्ताच ठरवून टाकलंय, म्हणजे तेव्हा वाद नको.

एकच राहिलं. १४ दिवस गट बंद झाला तर ऑफिसला आधीच काय सांगून ठेवलंत, कोणी सांगेल का? माझ्या साहेबांना अजून वाटतं की पाळणाघर उघडलं म्हणजे प्रश्न संपला.

रिकामा_पाट:

आत्ताच लेखी सांगा. आमच्याकडच्या एका पालकांनी दोघांच्या रजा आळीपाळीने वापरायचं आधीच मंजूर करून घेतलं होतं, गट बंद झाला तेव्हा तेवढे एकटेच निवांत होते. आणि सशाचं विचारून बघा. धुता येण्यासारखा असेल आणि तिथेच ठेवणार असाल तर आम्ही चालवून घेतो.