मदत हवी आहे: काकांच्या जुन्या निकॉन लेन्सपायी कॅनन सोडावा का?

मंडळी, पहिलाच डीएसएलआर घेतोय. बजेट ४५ हजार, फार तर दोन-तीन हजार इकडेतिकडे. राहायला दौंडला. थंडीत उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरले की रविवारी माझा मुक्काम कुंभारगावात. आजवर मोबाइलमध्ये गुलाबी ठिपके तेवढे आलेत.

ठरलं होतं ते सरळ होतं: कॅनन १५००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स, विषय संपला. पण काकांच्या कानावर गेलं. रोलच्या जमान्यात ते लग्नाचे फोटो काढायचे. कपाटातून दोन लेन्स काढून त्यांनी माझ्या हातात ठेवल्या, निकॉनच्या ५० एमएम एफ/१.८डी आणि ७०-३०० डी. "पैसे काचेत घालायचे, बॉडी काय, बदलत राहते," म्हणाले. आता नको म्हणायची सोय नाही.

म्हणून निकॉनचा डी३५०० बघितला, तर वेगळाच घोळ. या डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत लागते. डी३५०० मध्ये ती नाही, डी५६०० मध्येही नाही. लेन्स बसते, तिच्यावरची अ‍ॅपर्चरची (प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणारी) रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर लॉक केली की मीटरिंगही (प्रकाश मोजणं) होतं, पण फोकस हाताने. बसलेल्या बगळ्याचं जमेल; उडत्या थव्याचं त्या एवढ्याशा व्ह्यूफाइंडरमधून मला तरी जमायचं नाही. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये ही भानगडच नाही, १९८७ पासून मोटर लेन्समध्येच.

मोटरवाली बॉडी म्हणजे निकॉनचा डी७२००, तीही वापरलेलीच परवडेल. एक मिळतेय, शटर काउंट (आजवर किती वेळा शटर उडालं तो आकडा) ६२ हजार सांगतात. शटर किती टिकावं याचा कंपनीचा आकडा दीड लाखाचा आहे, म्हणजे अजून बरंच आयुष्य असावं. पण विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता काउंट आपण कसा तपासायचा?

शिवाय त्या ७०-३०० ला व्हीआर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही. फोटो होडीतून काढायचे, ती डुलते, त्यामुळे ट्रायपॉड लावून उपयोग नाही. शटर १/१००० सेकंदाला ठेवून आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवला तर भागेल? कोणी या लेन्सने पक्षी टिपलेत का? ३०० ला ती मऊ पडते (फोटो धारदार येत नाही) असं ऐकलंय.

आणि टॉर्च मारून बघितलं तर ५० एमएमच्या लेन्सच्या आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. बुरशीच ना? साफ करून घेण्यात अर्थ आहे का? काकांना अजून सांगितलेलं नाही.

(मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, घे म्हणणाऱ्यांनी आधी बजेट पुन्हा वाचावं.)