प्रवासासाठी ट्रायपॉड घेताना आधी वजन पाहावे की स्थैर्य?

सह्यवाट:
डोंगरात भटकून निसर्गचित्रण करणाऱ्याने ट्रायपॉड निवडताना पहिला मान वजनाला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हलका म्हणजे बॉल हेडसकट (कॅमेरा ज्यावर बसतो आणि हवा तसा वळतो तो वरचा भाग) सव्वा ते दीड किलोचा आणि घडी केल्यावर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास मावणारा. हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेने चढताना पाठीवर पाणी, दोर, शिधा आणि मुक्कामाचे सामान असतेच. ओझे कमी करण्याची वेळ आली की सर्वांत आधी ट्रायपॉड वगळला जातो, हे मी बरोबरच्या अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. शिवाय आपण बहुतेक वेळा वाइड लेन्स, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स, वापरतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 20 मिमीची लेन्स असेल, तर पाचशेच्या नियमाने (500 भागिले लेन्सचे मिमी म्हणजे सेकंद) तारे ताणले न जाता साधारण 25 सेकंदांचे एक्स्पोजर मिळते. एवढ्या दीर्घ वेळात सुरुवातीच्या सेकंदभराच्या थरथरीचा वाटा अगदी थोडा असतो. हलक्या ट्रायपॉडची खरी कसोटी एक पंचमांश ते एक सेकंद या टप्प्यात लागते, आणि तेथे दोन सेकंदांचा टायमर व इलेक्ट्रॉनिक शटर यांनी बरेच काम भागते.

पाषाण:
आपले गणित निवाऱ्याच्या जागी बरोबर आहे, परंतु हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या धारेवर ते टिकत नाही, कारण टायमरने फक्त बोटाचा धक्का टळतो, वारा टळत नाही. मे महिन्यात कड्यावर वारा सतत वाहतो आणि पंचवीस सेकंद कॅमेरा हलत राहतो. ट्रायपॉडचे वजन कमी करताना नेमके काय कमी केले जाते, ते पाहावे. पायाच्या पोकळ नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवली, तरी तिचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे 28 मिमीऐवजी 22 मिमीची नळी घेतली की ताठपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. घडी लहान व्हावी म्हणून पाय पाच टप्प्यांचे, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पाच नळ्यांचे, केले, तर सर्वांत खालचा टप्पा याहूनही बारीक होतो आणि सगळा डोलारा त्यावर उभा राहतो. खोक्यावर छापलेल्या वजनक्षमतेवर तर मुळीच विसंबू नये. सर्व कंपन्या पाळतील असे त्याचे एकच मापन नाही आणि तो आकडा थरथर किती लवकर शमते याबद्दल काहीही सांगत नाही. नळीची वाट चढणारे मोजके असतात. पाचनईच्या सोप्या वाटेने येणाऱ्याला दोन किलोंचा, तीन टप्प्यांचा ट्रायपॉड जड होऊ नये.

मंदप्रकाश:
मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांतील स्टॅबिलायझेशनमुळे (हाताची थरथर भरून काढणारी सोय) वाइड लेन्सवर अर्ध्या सेकंदाचे चित्र हातात धरून काढता येते आणि पावसाळ्यातील धबधब्याचे पाणी रेशमी दिसण्यास तेवढे अनेकदा पुरते. प्रवासात लेणी आणि मंदिरेही येतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत ट्रायपॉडसाठी आगाऊ परवानगी घ्यावी लागते. विमानात हातातल्या सामानाची मर्यादा देशांतर्गत प्रवासात बहुधा सात किलोंची असते, तीही विसरू नये. अशा प्रवाशाने तळहाताएवढा मिनी ट्रायपॉड घ्यावा आणि तो दगडावर किंवा कठड्यावर टेकवावा.

सह्यवाट:
मंदप्रकाश, आपला मुद्दा शहरातून शहरात जाणाऱ्या पर्यटकाला लागू आहे. पावसाळ्याच्या तोंडावर राजमाचीच्या रानात काजवे टिपायचे असतील, तर एकाच जागेवरून वीस-तीस सेकंदांची अनेक चित्रे घेऊन ती नंतर एकत्र करावी लागतात. तेथे स्टॅबिलायझेशन उपयोगाचे नाही, आणि कंबरेइतक्या झुडपांत मिनी ट्रायपॉड ठेवला तर समोर पानेच दिसतील.

पाषाण, नळीच्या व्यासाचा आपला हिशेब मला मान्य आहे. मात्र त्यावरून जड ट्रायपॉडच घ्यावा, असे ठरत नाही. चार टप्प्यांच्या हलक्या ट्रायपॉडचा सर्वांत बारीक टप्पा बंद ठेवावा, सेंटर कॉलम (मधला वर सरकणारा दांडा) खालीच राहू द्यावा आणि चित्रकाराने स्वतः बसावे. कड्यावर उंचीची गरजच नसते. जमिनीलगत वाराही कमी लागतो. सॅक खालच्या हुकाला नुसती लोंबकळत ठेवली तर ती झोक्यासारखी हलून कॅमेराही हलवते, म्हणून तिचा तळ जमिनीला टेकेल इतका पट्टा सोडावा.

पाषाण:
बसून काम भागते तेथे मी आपल्याशी सहमत आहे. मात्र समोर कारवीची झुडपे किंवा गडाची तटबंदी असली, की सर्व टप्पे उघडावेच लागतात. खरेदीच्या वेळी म्हणूनच सेंटर कॉलम न उचलता मिळणारी उंची विचारावी. पीक डिझाइनच्या ट्रॅव्हल ट्रायपॉडचे उदाहरण घ्या: कॉलमसह तो सुमारे 152 सेंटिमीटर होतो, कॉलमविना सुमारे 130. त्याच ट्रायपॉडची कार्बन आवृत्ती साधारण 1.3 किलोची आणि ॲल्युमिनियमची साधारण 1.56 किलोची आहे. पाव किलोच्या फरकासाठी दोन्हींच्या किमतींत मोठे अंतर आहे. ते पैसे मी चांगल्या बॉल हेडवर खर्च करीन, कारण स्वस्त हेड घट्ट आवळल्यानंतरही चौकट किंचित खाली सरकते.

किनारा:
कोकणातल्या वाचकांसाठी एक भर घालतो. खाऱ्या पाण्यात आणि वाळूत ॲल्युमिनियम लवकर गंजते. शिवाय पायाचे टप्पे फिरवून आवळणाऱ्या ट्विस्ट लॉकच्या आट्यांत वाळू शिरली की फिरवताना करकर ऐकू येते. किनाऱ्यावर खालचा टप्पा थोडा बाहेर काढूनच ट्रायपॉड उभा करावा, म्हणजे लॉक वाळूच्या वर राहते. घरी आल्यावर पाय सुटे करून गोड्या पाण्याने धुवावेत. ज्या ट्रायपॉडचे पाय अवजारांविना सुटे करता येत नाहीत, तो मी किनाऱ्यासाठी घेणार नाही, मग त्याचे वजन कितीही कमी असो.

पाषाण:
सह्यवाट, हलकाच घ्यायचा असेल, तर दुकानात एक चाचणी जरूर करावी. आपला कॅमेरा आणि आपली सर्वांत लांब लेन्स सोबत न्यावी, पाय पूर्ण उघडावेत, लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट दृश्य) दहा पट मोठा करून दूरच्या अक्षरांवर फोकस करावा आणि एका पायावर बोटाने टिचकी मारावी. अक्षरे सेकंदाच्या आत स्थिर झाली, तर मी वजनाबद्दल तक्रार करणार नाही. दोन-तीन सेकंद ती थरथरत राहिली, तर तो ट्रायपॉड दीड किलोचा असला तरी माझ्या लेखी ते वाया गेलेले ओझे आहे.

सह्यवाट:
चाचणी योग्य आहे, फक्त ती मी माझ्या वाइड लेन्सने करीन, कारण गडावर माझ्याकडे तीच असते. लांब लेन्सने पक्षी टिपणाऱ्याने आपला सल्ला मानावा.