पेन्शनविरोधी निवेदनावर सही करू का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं

लेथमास्तर:

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक ड्रिल मशीन, चार माणसं कामाला. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आमच्या वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निवेदन आलंय, कलेक्टरना द्यायचं. मजकूर थोडक्यात असा: सरकारी नोकरांची, विशेषतः पोलिसांची पेन्शन आमच्या करातून जाते, ते स्वतः पगारातून एक रुपया भरत नाहीत, सबब ती बंद करावी. शनिवारपर्यंत सही पाहिजे म्हणून दोघं येऊन चहा पिऊन गेले. चहा माझाच.

अडचण अशी की रविवारी बहिणीकडं जेवण आहे. दाजी सहायक फौजदार म्हणून नुकतेच रिटायर झाले, त्याचंच जेवण. शनिवारी त्यांची पेन्शन बंद करा म्हणून सही करायची आणि रविवारी त्यांच्याच पाटावर बसून तांबडा-पांढरा ओरपायचा, हे काही बरं दिसत नाही. आणि लपणार तर नाहीच. उद्यमनगरात शिंकलं तर दुपारपर्यंत कसबा बावड्यात कळतं.

पण नातं बाजूला ठेवलं तरी माझं डोकं चालेना. थोरला भाऊ शिरोलीला फौंड्रीत २४ वर्षं मोल्डिंगला होता. त्याला ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या योजनेची, पेन्शन महिना अडीच हजाराच्या आसपास मिळते. महागाई भत्ता नाही, पहिल्या महिन्यात होती तीच आज. दाजींचं शेवटचं मूळ वेतन ५६ हजार, म्हणजे निम्मं २८ हजार आणि वर महागाई भत्ता. दोघं एका वयाचे, एकाच तालमीत घुमलेले. मनात येतं ते येतंच.

दुसरीकडं दाजींची नोकरीही बघितलीय. जोतिबाची यात्रा, विसर्जन, शाहू स्टेडियमवरची फायनल, २०१९ चा महापूर. भाची जन्मली तेव्हा ते बंदोबस्तात आणि बारशालाही बंदोबस्तातच. मार्च २०२३ च्या सरकारी नोकरांच्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' चाललं होतं आणि इकडं बेरोजगार पोरांनी त्याच्या विरोधात मोर्चा काढला होता. तेव्हा मी दोन्हीकडं माना डोलावल्या, असं बायको म्हणते.

तर निवेदनातलं खरं किती? पोलिसांच्या पेन्शनीवर राज्याचा खर्च किती, हे कुठं बघायला मिळेल? आणि भाचा २०१४ ला पोलिसात लागलाय, त्याला काय मिळणार? शिव्या नकोत, माहिती द्या.

पेन्शनर_काका:

मास्तर, मी कोषागारात नोकरी केली, म्हणून चार शब्द. 'एक रुपया भरत नाहीत' हे दाजींच्या बाबतीत खरं आहे, भाच्याच्या बाबतीत साफ खोटं. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना १९८२ च्या नियमांची जुनी पेन्शन; त्यासाठी पगारातून कपात नाही. जीपीएफ (सरकारी नोकरांचा भविष्य निर्वाह निधी) कापतात, पण ती त्यांची स्वतःचीच साठवण. त्या तारखेपासून पुढं लागलेल्यांना नवी योजना; त्यांचे मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के कापले जातात, सरकार १४ टक्के घालतं. त्यातही ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेच्या आधीची होती, त्यांना २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानं एकदाच जुन्या पेन्शनीत यायची संधी दिली. भाचा २०१४ चा, त्याला ती लागू नाही.

भाच्याचं गणित ढोबळ मानानं असं. समजा रिटायर होताना खात्यात ५० लाख जमले. त्यातले ४० टक्के, म्हणजे २० लाख, अ‍ॅन्युइटीत (विमा कंपनी त्यावर दर महिन्याला पेन्शन देते) गुंतवावेच लागतात. साडेसहा टक्के धरले तर महिना ११ हजाराच्या आत-बाहेर, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. उरलेले ३० लाख हातात. केंद्राच्या युनिफाइड पेन्शन योजनेला राज्य मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली; तिच्यात निम्म्या वेतनाची हमी आहे, पण पूर्ण निम्म्यासाठी २५ वर्षं नोकरी भरावी लागते.

खर्चाचं म्हणाल तर वित्त विभागाच्या वेबसाइटवर अर्थसंकल्पाची पुस्तकं असतात. लेखाशीर्ष (खर्चाच्या खात्याचा क्रमांक) २०७१ निवृत्तिवेतनाचं. मात्र त्यात सगळी खाती एकत्र, पोलिसांची वेगळी बेरीज नसते. २०५५ हे पोलिसांचं शीर्ष आहे, पण तो चालू खर्च. तेव्हा 'पोलिसांच्या पेन्शनीवर अमुक कोटी' असं ग्रुपवर कुणी टाकलं तर आकडा कुठनं आणला ते आधी विचारा.

वाट्टेल_ते:

सही ठोका आणि मोकळे व्हा. डिसेंबर २०२२ मध्ये फडणवीस विधानसभेत म्हणाले होते की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या बुलेटिनातल्या लेखात लिहिलंय की सगळी राज्यं जुन्या पेन्शनीकडं वळली तर बोजा नव्या योजनेच्या साडेचारपट होऊ शकतो. राजस्थान, हिमाचल वळलेच. फेडणार कोण? तुमची-आमची पोरं.

पेन्शनर_काका:

आकडे बरोबर आहेत, जागा चुकली. हा बोजा २००५ नंतरच्यांना जुनी पेन्शन परत दिली तर पडणारा. दाजींना मिळते ती बंद करायची हा निराळाच मुद्दा, आणि तो टिकायचा नाही. पेन्शन ही खैरात नव्हे, केलेल्या नोकरीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं डी. एस. नकारा यांच्या खटल्यात १७ डिसेंबर १९८२ लाच सांगितलंय. आम्ही म्हातारे त्याच तारखेला पेन्शनर दिन करतो. निवेदन लिहिणाऱ्यानं दोन्हींची मिसळ केलीय, आणि ती कोल्हापुरी नव्हे!

लाइनीतली:

दादा, आमचे मिस्टर २०१० च्या भरतीचे. दहा टक्के दर महिन्याला जातात, स्लिप दाखवू का? पोलिसांना युनियन नाही, संप नाही. २०२३ ला बाकीचे घोषणा देत होते आणि आमचे हे काठी घेऊन त्यांच्याच बंदोबस्ताला उभे. मागणी मान्य झाली असती तर ह्यांचाही फायदा होता, पण तोंड उघडायची सोय नाही. आणि 'आमचा कर' म्हणजे काय? पेट्रोल आम्हाला वेगळ्या भावानं मिळतं होय? आमदाराला एकदा निवडून आलं की महिना ५० हजार पेन्शन. त्याचं निवेदन ग्रुपवर आलंय का?

बेअरिंग६२०४:

मास्तर, भावाचं दुखणं दाजींच्या पेन्शनीत नाही. ईपीएसचं सूत्र बघा: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार कितीही असला तरी मर्यादा आधी ६,५०० ची, सप्टेंबर २०१४ पासून १५ हजाराची. किमान पेन्शन १,००० तेव्हाच ठरली. दहा वर्षं उलटली तरी तिथंच. निवेदन द्यायचंच तर ह्याचं द्या, मी पहिली सही करतो.

आणि राग मानू नका, पण पीएफचा कायदा २० किंवा जास्त माणसं असतील त्यांना. तुमच्याकडं चारच. तुमच्या चौघांना म्हातारपणी काय?

लेथमास्तर:

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा मजकूर प्रिंट काढून ठेवलाय. ताई, तुमचं वाचून भाच्याला फोन केला. 'मामा, तुम्हाला आत्ता कळलं व्हय?' म्हणाला.

सही केली नाही. ग्रुपवर लिहिलं की 'एक रुपया भरत नाहीत' हे वाक्य काढा आणि ईपीएसच्या किमान पेन्शनीचा मुद्दा घाला, मग बघू. दोघांनी अंगठा दाखवला, एकानं 'दाजीचा मेव्हणा' म्हणून चिडवलं, बाकीचे गप्प आहेत.

बेअरिंगभाऊ, तुमचा प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला. आज चौघांना पासबुकं घेऊन बोलावलं. अटल पेन्शनीचे फॉर्म आणलेत, हप्त्यातला निम्मा मी घालणार. पण ती चाळिशीपर्यंतच घेता येते, आणि आमचा सगळ्यात जुना कामगार चव्वेचाळीसचा आहे. बोअरिंगला त्याच्यासारखा हात नाही. तो फॉर्म बघून काही न बोलता परत मशीनवर गेला. महिना दीड-दोन हजार बाजूला टाकता येतील. त्याच्यासाठी काय करावं, कुणाला ठाऊक असेल तर सांगा.