मदत हवी आहे: पोस्टफिक्स खऱ्या डोमेनची मेलही ‘डोमेन नॉट फाउंड’ म्हणून अडवतोय

डेबियन १२ (लिनक्स), पोस्टफिक्स ३.७ (मेल सर्व्हर). लॉगमध्ये सतत ‘४५० ४.१.८ सेंडर अ‍ॅड्रेस रिजेक्टेड: डोमेन नॉट फाउंड’ येतं. त्याच सर्व्हरवर डिगने (डीएनएस तपासायची कमांड) त्या डोमेनचा एमएक्स (डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरकडे जाते ती डीएनएस नोंद) लगेच मिळतो. फरक सापडलाय: एसएमटीपीडी (पोस्टफिक्सचा मेल स्वीकारणारा भाग) सीएचरूटमध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून तोडलेल्या स्पूल फोल्डरमध्ये चालतो आणि तिथली रिझॉल्व्ह.कॉन्फची (डीएनएस सर्व्हरचे पत्ते असलेली फाइल) स्वतःची प्रत वाचतो. डीएचसीपीने (नेटवर्क सेटिंग आपोआप देणारी यंत्रणा) डीएनएस बदलला की मूळ फाइल बदलते, प्रत मात्र जुनीच राहते. पोस्टफिक्स रीस्टार्ट केला की प्रत नवी होते आणि मेल सुरळीत. पुढच्या बदलाला पुन्हा तेच. कोड ४५० असल्याने पाठवणारा पुन्हा प्रयत्न करतो, म्हणून मेल हरवत नाही, पण तासन्‌तास उशीर होतो आणि तो खरंच त्रासदायक आहे.

पाठवणाऱ्याचं डोमेन तपासणारं ‘रिजेक्ट अननोन सेंडर डोमेन’ हे सेटिंग काढून टाकायचं नाही. खोट्या डोमेनचा कचरा तिथेच अडतो.

कायमचा उपाय कोणता? मास्टर.सीएफमध्ये (पोस्टफिक्सची सेटिंग फाइल) सीएचरूटच्या रकान्यात ‘एन’ (नाही) करावं, की लोकल अनबाउंड (स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर) बसवून नेमसर्व्हर १२७.०.०.१ वर पक्का करावा? माझा कल अनबाउंडकडे आहे, कारण सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून स्पॅमहाउसच्या (स्पॅम पाठवणाऱ्यांची) यादीचं नीट उत्तरही मिळत नाही. पण डीएचसीपी क्लायंटने रिझॉल्व्ह.कॉन्फ पुन्हा बदलू नये यासाठी नेमकं काय करता?